आधी वारा, मग आवाज: कॅन्ससच्या शिवारातली कायोटीची शिकार

जानेवारीत विचिटाच्या आसपास सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी ज्वारीच्या धसकटात बांधाला पाठ लावून बसलो आणि ओढ्याकडून कुई उठली, की मला दर वेळी मंगळवेढ्याचं शिवार आठवतं. तिथेही थंडीत ज्वारी उभी असायची आणि रात्री कोल्हे ओरडायचे. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते. इथे तिला मायलो म्हणतात आणि ती बहुतेक गुरांच्या खाद्यात नाहीतर इथेनॉलच्या कारखान्यात जाते. कोल्ह्याच्या जागी इथे कायोटी. इथल्या खेड्यांतली जुनी माणसं नुसतं ‘कायोट’ म्हणतात. अंगाने आपल्या कोल्ह्याहून थोराड, दहा ते सोळा किलोंचा, भुरकट करडा, टोकदार कानांचा, आणि पळताना शेपूट खाली ठेवणारा. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, तसा हाही कलिंगडाला राजी आहे. उंदीर, ससे, टोळ, पडलेली फळं, मेलेलं गुरू, काहीही खातो. वेळ आली तर नुकतं जन्मलेलं वासरूही.

इथे आणि शेजारच्या नेब्रास्का, ओक्लाहोमात राहणाऱ्या काही मराठी मंडळींनी मला विचारलं, की शेतकरी ओळखीचा आहे, तो ‘ये आणि कायोटी मार’ म्हणतो, तर सुरुवात कुठून करायची? हा लेख त्यांच्यासाठी. यातलं काहीही भारतात करायचं नाही, हे आधीच सांगतो. आपला कोल्हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या यादीत आहे. त्याला मारणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. इथे कायोटीच्या शिकारीला वर्षभर मोकळीक आहे, पण त्यालाही नियम आहेत.

इथली पद्धत अशी, की जखमी सशासारखा आवाज काढून कायोटीला जवळ बोलवायचं. नवीन माणूस सगळा जीव हा आवाज काढण्याच्या यंत्रात, म्हणजे कॉलरमध्ये ओततो. दोनशे ध्वनी असलेला कॉलर विकत घेतो, रानात जाऊन जोरात वाजवतो आणि रिकामा परत येतो. जखमी सशाचा आवाज काढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तुम्ही कुठून आत शिरलात, वारा कुठे चाललाय आणि तुम्ही कुठे बसलात, यावर निकाल लागतो, आणि तो पहिला आवाज काढायच्या आधीच लागलेला असतो.

परवाना आणि परवानगी

कॅन्ससमध्ये कायोटीसाठी शिकारीचा परवाना लागतो. सापळे लावायचे असतील तर फर गोळा करणाऱ्यांचा वेगळा परवाना आहे, तो आपल्याला नको. १ जुलै १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. हा कोर्स नुसता उरकू नका. तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची आणि दोघं एका ओळीत चालताना नळी कुठे ठेवायची, हे तिथे शिकलेलं मला आजही दर फेरीला उपयोगी पडतं.

आपल्या लोकांच्या हमखास लक्षात न येणारी गोष्ट व्हिसाची आहे. एच१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत चालू असलेला शिकारीचा परवाना. म्हणून आधी परवाना, मग बंदुकीला हात, हा क्रम मोडायचा नाही. मित्राची बंदूक नुसती धरून पाहणंसुद्धा परवान्याआधी नको, आणि परवान्याची मुदत संपते ती तारीख डोळ्यासमोर ठेवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. थोडी जरी शंका असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या. एका सकाळच्या हौसेपायी या देशातलं वास्तव्य पणाला लागू नये.

शेतमालकाची परवानगी तर हवीच. कॅन्ससमध्ये ‘प्रवेश बंद’ची पाटी असो वा नसो, खाजगी जमिनीवर शिकारीसाठी मालकाची परवानगी लागते. कुंपणाच्या खांबांवर किंवा झाडांवर जांभळा रंग फासलेला दिसला तर तिथे लेखी परवानगीच चालते. रस्त्यावर उभं राहून शेतात गोळी मारायची नाही. मी परवानगी मागायला नेहमी दुपारी जातो, स्वच्छ कपड्यांत, बंदूक घरी ठेवून. ‘तुमच्याकडे कायोटीचा त्रास आहे का?’ हा माझा पहिला प्रश्न. मग विचारून घ्यायचं: गुरं कोणत्या रानात आहेत, गाई कधी व्यायला लागतील, घर आणि कुत्री कुठे, शेजारची जमीन कोणाची, गाडी कुठे लावू, आणि अजून कोणाला शिकारीची परवानगी दिली आहे का. शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. एकाच रानात दोन माणसं एकमेकांच्या नकळत सशाचे आवाज काढत बसली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

शेतकऱ्याच्या मनात तुमची किंमत फाटकावरून ठरते. उघडं होतं तर उघडं ठेवायचं, बंद होतं तर बंद करायचं. ओल असताना हिवाळी गव्हात गाडी घालायची नाही. ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे कळतं, आणि इथल्या शेतकऱ्यालाही ते लगेच ओळखू येतं.

वासरू खरंच कायोटीने मारलं का?

हा भाग शिकारीच्या लेखांत सहसा नसतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. शेतकरी सांगतो, ‘वासरू खाल्लं.’ खाल्लं हे खरं असतं. मारलंच असं नाही. शक्य असेल तर लगेच जाऊन पाहा. गळ्याजवळ आणि जबड्यामागे चामडी सोलून पाहिली की दातांच्या खुणांभोवती काळंनिळं साकळलेलं रक्त दिसतं का? दिसलं तर चावा घेतला तेव्हा वासरू जिवंत होतं. मेल्यानंतर खाल्लेल्या जनावरात असं रक्त साकळत नाही. खुरांच्या टोकांवरचं मऊ पिवळसर आवरण जसंच्या तसं असेल तर ते वासरू उभंच राहिलं नव्हतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला आणि बुडाला तर त्याने श्वासही घेतला नव्हता. कान, मांड्या, कुशी असं सगळीकडे वेडंवाकडं फाडलेलं असेल तर गावातल्या मोकाट कुत्र्यांचा संशय घ्या.

हे एवढं पाहायचं कारण असं, की कायोटीची जोडी आपलं रान राखून असते. त्या रानात बाहेरच्या कायोटीला शिरू देत नाही. शेतात राहणारी जोडी उंदीर-सशांवर भागवत असेल आणि वासरांच्या वाटेला जात नसेल, तर तिला मारून जागा रिकामी करणं शेतकऱ्याच्या हिताचं नाही. रिकाम्या जागेत भटके तरुण कायोटी येतात, आणि ते कसे वागतील याची खात्री नसते. सरसकट मारून कायोटी कमीही होत नाहीत. संख्या घटली की उरलेल्या माद्यांना खायला मुबलक मिळतं, पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. शंभराहून अधिक वर्षं विष, सापळे आणि बंदुका चालवूनही हे जनावर पश्चिमेच्या मैदानातून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं आहे. म्हणून मी आकडा वाढवायला शिकार करत नाही. ठरावीक कळप, ठरावीक रान आणि ठरावीक दिवस. कॅन्ससमध्ये बरीच वासरं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात, तर त्याच्या आधीचे सहा-आठ आठवडे आणि व्यायचं रान हेच माझं लक्ष्य.

शेतकऱ्याला आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. मेलेली गुरं उघड्यावर टाकू नका आणि गाईची जार पडली की उचला. वासाने आलेला कायोटी वासरापाशी पोचतो, त्याला आमंत्रण आपणच दिलेलं असतं. पहिलटकरणी घराजवळच्या वाड्यात व्याल्या आणि राखणीला ग्रेट पिरेनीजसारखा मोठा कुत्रा असला, तर पुष्कळदा माझी गरजच पडत नाही.

एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. मे ते ऑगस्टात मी बंदूक उचलत नाही. अपवाद फक्त डोळ्यांसमोर वासरं मारणाऱ्या जनावराचा. बिळात पिल्लं उपाशी ठेवून मादी मारायला मन घेत नाही, आणि त्या दिवसांत फरही कामाची नसते.

माग काढणं

पहिली फेरी बंदुकीशिवाय करा. शेतातल्या कच्च्या रस्त्यावर, विशेषतः दोन रस्ते मिळतात तिथे, आणि बांधांच्या टोकांवर विष्ठा सापडते. तिच्यात केस, हाडांचे कण, शरद ऋतूत फळांच्या बिया असतात. पाऊल अडीच इंचांच्या आसपास लांब, लांबट अंडाकृती, पुढची दोन नखं सरळ समोर. कुत्र्याचं पाऊल जास्त गोल आणि पसरट. बर्फावर फरक आणखी स्पष्ट दिसतो. पाळीव कुत्रा इकडे-तिकडे भरकटत, हुंगत जातो. कायोटीची वाट दोरी ताणल्यासारखी सरळ असते.

इथली जमीन मैलाच्या चौकटीत आखलेली आहे. ६४० एकरांचा एक सेक्शन आणि बहुतेक ठिकाणी दर मैलाला रस्ता. त्यामुळे संध्याकाळचं काम सोपं होतं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, वारा पडलेला असताना, गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून तोंडाच्या हाउलरवर, म्हणजे कायोटीच्या हाकेची नक्कल करणाऱ्या शिट्टीवर, एकदाच लांब हाक द्यायची आणि पाच मिनिटं कान देऊन ऐकायचं. उत्तर आलं की नकाशावर दिशेची रेघ मारायची. पुढच्या रस्त्यावर जाऊन पुन्हा. दोन रेघा छेदतात तिथे सकाळी जायचं. आवाजावरून मोजदाद मात्र करू नका. दोन कायोटी मिळून सात-आठ असल्यासारखा कल्लोळ करतात.

दिवसा ते कुठे पडून असतात? ओढ्याकाठच्या झाडीत, उंच गवत राखलेल्या पडीक रानात आणि १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगांत. माझा अनुभव असा, की निरभ्र कडाक्याच्या थंडीत, दक्षिणेकडे उतरत्या आणि उन्हाला तोंड असलेल्या गवतात आधी पाहावं.

बंदूक

यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी थोडक्यात सांगतो. .२२३ रेमिंग्टन काडतुसाची रायफल, ५५ ग्रेन वजनाची गोळी, आणि २०० यार्डांवर नेम बरोबर बसेल अशी लावलेली दुर्बीण. १०० यार्डांवर गोळी साधारण दीड-दोन इंच वर लागते. वारा जोराचा असलेल्या मैदानात काहीजण .२२-२५० किंवा .२४३ वापरतात, तेही चांगलं. दाट झाडीत १२ बोअरची शॉटगन, जाड छऱ्यांची, ४० यार्डांच्या आत. सोबत तिपाई घ्याच. थंडीने हात आखडलेले असताना बसून, बिनटेकूने मारलेली गोळी नीट जात नाही. १०० यार्डांवर, बसून, तिपाईवरून, दहापैकी दहा गोळ्या चार इंचांच्या ताटलीत बसेपर्यंत रानात जाऊ नका.

जानेवारी ते मार्च या काळात कॅन्ससमध्ये वेगळा परवाना काढून, खाजगी जमिनीवर रात्री थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीने शिकार करता येते. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसा जनावर ओळखता आलं पाहिजे, मग रात्रीचं बघू.

वारा

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी ओढ्याकडे तोंड करून बसलो. वारा पाठीवरून ओढ्याकडे वाहत होता. वीस मिनिटं आवाज काढला, काही आलं नाही. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागेवरून परत निघालो तेव्हा ताज्या बर्फावर पावलं दिसली. कायोटी ओढ्यातून निघून माझ्याकडे येत होता आणि समोर साठ यार्डांवर, बांधाच्या पलीकडे थांबून तसाच वळून गेला होता. मला दिसलाही नाही. माझा वास थेट त्याच्या नाकात जात होता.

कायोटीचा कानांवर विश्वास असतो, डोळ्यांवर त्याहून जास्त, पण शेवटचा शब्द नाकाचा. आवाज ऐकून तो सरळ धावत येतो, असं कधी कधीच होतं. बहुतेक वेळा शेवटच्या शंभर-दीडशे यार्डांत तो वळसा घालून आवाजाच्या खालच्या अंगाला, म्हणजे जिकडे वारा वाहत जातो तिकडे जायला बघतो, खात्री करायला. तुमची सगळी मांडणी या वळशाभोवती करायची.

समजा, वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतोय आणि कायोटी पश्चिमेच्या ओढ्यात असावा असा अंदाज आहे. तुम्ही पूर्वेकडून, लपत-छपत आत शिरायचं, म्हणजे तुमचा वास ओढ्यात जाणार नाही. बसायचं ते पश्चिमेकडे तोंड करून, वारा उजव्या गालावर घेत. कॉलर तुमच्यापासून पन्नास-साठ यार्ड पुढे आणि थोडा उत्तरेला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचा. आता कायोटी ओढ्यातून निघाला की कॉलरचा वास घ्यायला त्याच्या दक्षिणेला वळसा घालणार, आणि तो वळसा तुमच्या समोरच्या मोकळ्या जागेतून जाणार. तुमचा वास तुमच्या डाव्या बाजूला, दक्षिणेकडे वाहतोय. तिकडेही मोकळं रान दिसलं पाहिजे, झाडी नको, कारण कायोटी त्या पट्ट्यात पोचण्याआधी तो तुम्हाला दिसायला हवा आणि गोळीही आधीच सुटायला हवी.

हे सगळं गाडीतून उतरण्याआधी ठरवा. मी नकाशावर वाऱ्याचा बाण काढतो आणि सोयीचं नसेल तर ती जागा त्या दिवसापुरती सोडून देतो. चांगली जागा चुकीच्या वाऱ्यात बसून जाळली की तिथला कायोटी शहाणा होतो आणि महिनाभर तोच आवाज ऐकून उलट्या दिशेला जातो. ताशी पाच ते पंधरा मैलांचा स्थिर वारा सगळ्यात चांगला. पूर्ण पडलेला वारा फसवा, कारण वास घुटमळत चहूकडे पसरतो. वीस मैलांच्या वर गेला की आवाज पोचत नाही.

बसणं

गाडी सखल जागी, रानातून दिसणार नाही अशी लावा. दार ढकलून बंद करा, आपटू नका. बेल्टचं बक्कल, चाव्या, फोन, सगळं आधीच खिशात गप्प. दोन-तीनशे यार्ड चालायचं ते बांधाच्या किंवा ओघळीच्या आडोशाने, टेकाडाच्या माथ्यावरून कधीच नाही. इथल्या शेतांत माती वाहून जाऊ नये म्हणून समपातळी बांध घातलेले असतात, आपल्याकडे पाणलोटाच्या कामात घालतात तसेच. त्यांच्या उताराच्या बाजूने चाललं की माणूस दिसत नाही. कुंपण आलं की बंदूक रिकामी करून पलीकडे आडवी ठेवायची, मग ओलांडायचं. काडतूस नळीत जाईल ते जागेवर बसल्यावरच.

पाठ टेकायला काहीतरी मोठं हवं: सीडरचं झुडूप, गवताचा गोल गठ्ठा, बांध. त्याच्या मागे लपू नका, पुढे बसा. मागे बसलं की डोकं वर काढावं लागतं, पुढे बसलं की आकृती त्यात मिसळून जाते. सकाळी सूर्य पाठीमागे असेल तर फारच उत्तम. कपडे कोणत्या नक्षीचे आहेत याने फार फरक पडत नाही. चेहरा आणि हात झाकलेले असावेत आणि हालचाल नसावी. बंदूक तिपाईवर, कायोटी येईल असं वाटतं त्या दिशेला रोखलेली, रिमोट दुसऱ्या हातात. डिसेंबरच्या सुरुवातीला हरणांचा बंदुकीचा हंगाम असतो, त्या दिवसांत मी नारिंगी टोपी आणि जाकीट घालतो. नारिंगी रंगाने कायोटी बुजल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मी दिसणं जास्त गरजेचं आहे.

बसल्यावर तीन-चार मिनिटं काहीच करू नका. रान पुन्हा शांत होऊ द्या.

आवाज

सुरुवातीला दोन वाद्यं पुरे. एक बंद रीडचा (आवाज देणारी पट्टी आत झाकलेला), जखमी सशाचा तोंडाने फुंकायचा कॉल, आणि एक हाउलर. बॅटरीवरचा कॉलर सोयीचा आहे, कायोटीचं लक्ष तुमच्यापासून दूर जातं हा त्याचा मोठा फायदा. पण तोंडाचा कॉल शिकून ठेवाच. कडाक्याच्या थंडीत बॅटरी बसते, रिमोट हट्ट करतो, तेव्हा गळ्यात लटकवलेला कॉलच कामी येतो.

पहिलं मिनिट हळू आवाजात. कायोटी ऐंशी यार्डांवर गवतात झोपलेला असू शकतो आणि एकदम कर्कश किंकाळी कानावर आली तर तो उठून पळतो. तोंडाचा कॉल असेल तर तीस-चाळीस सेकंद फुंका, मग मिनिट-दीड मिनिट थांबा. फुंकताना सूर लावायचा नसतो. मांजराच्या तोंडातला उंदीर किंवा ससा ऐकला असेल तर आठवा: श्वास तुटतो, आवाज फाटतो, मध्येच मंदावतो, पुन्हा उसळतो. तो जीव जाण्याचा आवाज आहे. तसाच काढायचा.

दुसऱ्या फेरीपासून आवाज वाढवा. आठ-दहा मिनिटांत काही आलं नाही तर ससा बदलून पक्ष्याची तडफड. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला एकच लांब, साधी हाक. भांडखोर, गुरगुरणारी हाक देऊ नका. तिने तरुण आणि भित्रे कायोटी पळतात. शेवटची तीन मिनिटं पिल्लाची केकाटणी. हा आवाज वर्षभर चालतो आणि अठराव्या मिनिटाला आलेले माझे बरेच कायोटी त्यानेच आले आहेत. मोकळ्या रानात वीस मिनिटं, झाडीत अर्धा तास. निघताना आणखी दोन मिनिटं गप्प बसून चारी बाजूंना नजर टाका, कारण उठताना पळणारा कायोटी प्रत्येकाने पाहिलेला आहे.

ऋतूप्रमाणे क्रम बदलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या वर्षीची पिल्लं घर सोडून भटकतात. ती अननुभवी असतात, सशाच्या आवाजाला धावत येतात. डिसेंबर संपेपर्यंत जी जगली ती सगळी सशाची नक्कल ओळखून असतात, तेव्हा हळू आवाज, उंदराची चुकचूक, पक्षी. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर माजाचा काळ. तेव्हा मी सशाला हातच लावत नाही. मादीची एक हाक, आणि मग चार-पाच मिनिटं शांतता. ही शांतता पाळणं कठीण जातं, बोट सारखं बटणाकडे जातं. पण त्या दिवसांत नर न ओरडता, दबकत येतो, आणि जास्त आवाज झाला की त्याला संशय येतो.

कायोटी तीनशे यार्डांवर येऊन बसला आणि पुढे येत नाही, असं होतं. आवाज वाढवण्याची चूक करू नका. कमी करा, किंवा बंदच करा. ओठांनी काढलेली उंदराची बारीक चुकचूक त्याला तेवढ्या अंतरावरून ऐकू येते.

आजूबाजूचं रानही सांगत असतं. चरणाऱ्या गाई एकदम माना वर करून एका दिशेला कान रोखतात, तेव्हा कायोटी तिकडे आहे. कावळे गोळा होऊन ओरडायला लागले तरी तेच. कधी कधी ससाणा किंवा मोठं घुबड तुमच्याच टोपीवर झेपावतं, म्हणून कॉल डोक्याजवळ धरून फार हलवू नका.

गोळी

कायोटी शंभर यार्डांच्या आत आला, चालतोय. बंदूक हलवायची ती तो मान खाली घालेल किंवा झुडपाआड जाईल तेव्हाच. थांबवायचा असेल तर तोंडाने एकदा तुटक ‘वुप्’ करा. तो थबकून बघतो, तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या मध्यावर. पळत्यावर मारू नका. पोटात गोळी लागलेला कायोटी मैलभर जाऊन रात्रभर तडफडतो, आणि ते दुखणं आपण त्याला दिलेलं असतं.

त्याच्या मागे काय आहे, हे ट्रिगरवर बोट जाण्याआधी पाहायचं. या सपाट प्रदेशात माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर कधीच गोळी नाही. ती दोन मैलांवर कोणाच्या तरी अंगणात उतरू शकते. मागे गुरं नकोत, घर नको, रस्ता नको. गोठलेल्या जमिनीवरून गोळी उसळते, हेही ध्यानात असू द्या. मागे मातीचा उतार हवा.

आणि तो कायोटीच आहे ना? एका पहाटे माझ्या दुर्बिणीत करडं, टोकदार कानांचं जनावर सरळ चालून येत होतं. ऐंशी यार्डांवर त्याच्या गळ्यात पट्टा दिसला. शेजारच्या शेतातला गुरं वळवणारा कुत्रा होता. ट्रिगरवर बोट नव्हतं, म्हणून तो संध्याकाळी घरी गेला. चाल पाहा, शेपूट पाहा, गळा पाहा. लाल कोल्हा निम्म्याहून लहान असतो आणि त्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं. लांडगा इथे क्वचितच भरकटत येतो, पण कायोटीच्या दुपटीहून मोठा असतो आणि त्याला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. शंका आली की बंदूक खाली.

गोळी लागली तरी जागेवरून उठायचं नाही. लगेच पिल्लाची केकाटणी लावा. जोडीतला दुसरा किंवा मागून येणारा पुष्कळदा थांबतो, परत फिरतो. पाच मिनिटांनी, काडतूस नळीत ठेवूनच, मागच्या बाजूने जवळ जा. उघड्या डोळ्याला काडीने स्पर्श करून पाहा. हलला नाही, की मेला.

नंतर

हातमोजे घालूनच उचला. अंगावर पिसवा, गोचीड असतात. केस गळालेला, कातडीला खपल्या धरलेला कायोटी खरजेचा असतो आणि ती खरूज तुमच्या कुत्र्याला, कधी तुम्हालाही लागते. असा मिळाला तर फर विसरा, पुरून टाका. विष्ठेत माणसाला घातक ठरू शकणाऱ्या फीतकृमींची अंडी असू शकतात, म्हणून मोजे काढल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे आणि त्याआधी डबा उघडायचा नाही. निरोगी कातडं नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सगळ्यात दाट असतं. भाव सध्या फारसा नसतो, तरी सोलणारा शोधून त्याच्याकडे देतो. मारलेलं जनावर रस्त्याच्या चरीत फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. ते दिसलं की दुसऱ्या दिवसापासून शेतकरी सगळ्याच शिकाऱ्यांना फाटक बंद करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

पुढची जागा अर्ध्या ते एक मैलावर घ्या. जोराच्या वाऱ्यात पाव मैलही पुरे. सकाळी तीन-चार जागा झाल्या की ऊन चढतं आणि कायोटी झोपतात. मग मी शेतकऱ्याच्या घरी जातो. कुठे बसलो, काय दिसलं, किती गोळ्या झाडल्या, कोणत्या कुंपणाची तार ढिली झाली आहे आणि कोणत्या गाईला दिवस भरत आल्यासारखे वाटतात, हे सगळं त्याला सांगतो. मार्चमध्ये त्याचा फोन येतो, यंदा किती वासरं आहेत ते सांगायला.